जुन्या जीपगाडीच्या डिफरन्शियलमधील तेल : घरच्या घरी बदलण्याची पद्धती

सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांतील आणि घाटापलीकडील खानापूर भागातील दूरच्या वाड्यांवर जुन्या जीपगाड्या आजही धावताना दिसतात. रस्ते सुधारले, नव्या मोटारी आल्या. तरीही पावसाळ्यात साकवावरून पाणी वाहू लागले, चढणीवर चिखल झाला, की चारही चाकांना जोर देणारी जुनी जीपच कामास येते. सुपारीची पोती बाजारास नेणे, शाळेचे सामान आणणे, अवेळी आजारी माणसास दवाखान्यात पोहोचविणे ही कामे अशा गाडीवर अवलंबून असतात. ती वाटेत अडली तर खोळंबा एकट्या मालकाचा होत नाही, सबंध वाडीचा होतो.

सरकारी खात्यांच्या पंधरा वर्षांवरील वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण, काही विशेष वाहने वगळता, १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले आहे. खासगी मालकीच्या गाडीस मात्र पंधरा वर्षांनंतर योग्यता-तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण मिळू शकते. त्यामुळे ज्या जुन्या जीपगाड्या आज चालू आहेत, त्यांची निगा बहुतांशी मालकाच्याच हाती राहिली आहे. इंजिनातील तेल बहुतेक मालक वेळेवर बदलतात. परंतु गाडीच्या पोटाखाली, दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, त्यातील तेलाकडे वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. या गोळ्यातील यंत्रणेस डिफरन्शियल म्हणतात. तेथील तेल बदलण्याचे काम घरच्या अंगणात दोन माणसांना दोन-तीन तासांत करता येते. त्यास फार कौशल्य लागत नाही. योग्य क्रम मात्र लागतो. तो क्रम आणि त्यामागील कारणे या लेखात दिली आहेत.

डिफरन्शियल कशासाठी?

बैलगाडीची दोन्ही चाके आसावर मोकळी फिरतात. गाडी वळताना बाहेरच्या चाकास लांबचा पल्ला पडतो, आतल्या चाकास जवळचा. पण दोन्ही चाके स्वतंत्र असल्याने कोणतीही अडचण येत नाही. मोटारीचे तसे नाही. तेथे इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोहोचवावा लागतो. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसविली तर ती सारख्याच वेगाने फिरतील आणि वळणावर एक चाक रस्त्यावर घसटत जाईल.

हा फरक किती पडतो, याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करवून घेण्यासारखा आहे. जुन्या जीपच्या डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर सुमारे सव्वा मीटर असते. चोर्ला घाटातील एखादे वळण अर्धवर्तुळाकार धरले, तर बाहेरच्या व आतल्या चाकांनी तोडलेल्या अंतरांतील फरक म्हणजे सव्वा मीटर गुणिले ३.१४, अर्थात सुमारे ३.९ मीटर. विशेष असे की, वळण मोठे असो वा लहान, अर्धवर्तुळाचा हा फरक तेवढाच राहतो. म्हणजे प्रत्येक अर्धवर्तुळी वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जवळजवळ चार मीटर अधिक धावते.

दोन्ही चाकांना जोर मिळावा आणि तरीही त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरता यावे, ही करामत डिफरन्शियल करतो. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच यंत्रज्ञाने १८२८ साली अशा रचनेचे पेटंट घेतले होते. इंजिनाकडून येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या टोकाशी एक लहान दातेरी चाक असते, त्यास पिनियन म्हणतात. पिनियन एका मोठ्या दातेरी कड्यास फिरवितो, तो क्राऊन. क्राऊनला जोडलेल्या पेटीत चार लहान दातेरी चाके परस्परांत गुंतलेली असतात. गाडी सरळ चालली असता ती पेटीबरोबर एकसंध फिरतात. गाडी वळू लागली की ती एकमेकांवर फिरून एका चाकाचा कमी झालेला वेग दुसऱ्यास देतात. फोर-व्हील गाडीत असे डिफरन्शियल दोन असतात, एक मागे व एक पुढे. म्हणून तेलही दोन ठिकाणी बदलावयाचे असते.

तेलावर पडणारा भार

भारतात महिंद्र कंपनीने दीर्घकाळ बांधलेली सीजे-३बी ही जीप उदाहरणादाखल घेऊ. तिच्या क्राऊनला ४३ व पिनियनला ८ दाते असतात. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे पिनियनचे सुमारे ५.३८ फेरे होतात. टायरचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर धरल्यास, ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना चाक मिनिटास सुमारे ३०० वेळा फिरते आणि पिनियन सुमारे १,६०० वेळा. हे सर्व फिरणे केवळ एक-दीड लिटर तेलात चालते. तेथे तेल वर चढविणारा पंप नसतो. क्राऊनचा खालचा भाग तेलात बुडालेला असतो आणि तोच फिरताना तेल उडवून सर्व दात्यांवर व बेअरिंगांवर पोहोचवितो. तेलाची पातळी खाली गेली की वरच्या बेअरिंगांस तेल कमी पडते, आणि त्याची कोणतीही खूण चालकासमोरच्या घड्याळांवर उमटत नाही.

दुसरी गोष्ट दात्यांच्या घडणीची. पिनियनचा आस क्राऊनच्या मध्यरेषेपासून थोडा खाली ठेवलेला असतो. या रचनेस हायपॉइड म्हणतात. तिने दाते मजबूत होतात व आवाज कमी होतो. परंतु दाते एकमेकांवर केवळ टेकत नाहीत, तर जोराने घासत सरकतात. साधे तेल त्या दाबाखाली दात्यांमधून पिळून निघून जाते आणि लोखंडास लोखंड घासते. म्हणून हायपॉइड गियरच्या तेलात गंधक व फॉस्फरस यांची संयुगे मिसळलेली असतात. दाब व उष्णता वाढताच ती दात्यांच्या पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार करतात. गियर ऑईलला जो उग्र वास येतो तो मुख्यत्वे या गंधकाचा होय. इंजिनाचे उरलेले तेल डिफरन्शियलमध्ये ओतणे का घातक आहे, ते यावरून ध्यानात येईल.

कोणते तेल घ्यावे?

गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उपलब्ध असल्यास तीत सांगितलेले तेलच घ्यावे. पुस्तिका हरवली असेल तर आपल्याकडील हवामानात जुन्या जीपच्या डिफरन्शियलसाठी ज्यास बाजारात 'नव्वद नंबर' म्हणतात ते हायपॉइड गियर ऑईल चालते. डब्यावर ९० किंवा ८०डब्ल्यू-९० हा आकडा आणि जीएल-५ हा दर्जा छापलेला आहे, याची खात्री करून घ्यावी. आकडा तेलाचा दाटपणा सांगतो. दर्जा त्याची दाब सोसण्याची शक्ती सांगतो. केवळ आकडा पाहून तेल घेणे पुरेसे नाही.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. डिफरन्शियलचे तेल उरले म्हणून ते गियरबॉक्समध्ये ओतू नये. गियरबॉक्सच्या काही भागांत पितळ असते, आणि जीएल-५ तेलातील गंधकयुक्त द्रव्ये पितळास बाधू शकतात. गियरबॉक्स व ट्रान्सफर केस यांची बुचे गाडीच्या मध्यभागी, इंजिनाच्या मागे असतात; डिफरन्शियलची बुचे चाकांच्या मधल्या गोळ्यावर असतात. बूच उघडण्यापूर्वी आपण कोणत्या पेटीस हात घालीत आहोत हे दोघांनीही पाहून घ्यावे.

बदल केव्हा करावा?

पुस्तिकेतील मुदत प्रमाण मानावी. ती ठाऊक नसल्यास २०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तेल बदलणे हितावह ठरते. जी गाडी पावसाळ्यात ओढे-नाले ओलांडते तिचे तेल मात्र दर वर्षी, पाऊस सरल्यावर बदलावे. खंडेनवमीस आपण हत्यारे व वाहने पुसून-धुऊन पुजतो. तोच सुमार या कामासही सोयीचा आहे. पाणी चाकाच्या तुंब्याच्या वर आले असेल, किंवा गाडी खाडीच्या खाऱ्या पाण्यात उतरली असेल, तर मुदतीची वाट न पाहता त्याच आठवड्यात तेल तपासावे. जुनी गाडी नव्याने विकत घेतली असल्यास पूर्वीच्या मालकाच्या शब्दावर न राहता प्रथम तेल बदलावे आणि तेथपासून हिशेब ठेवावा.

लागणारे साहित्य

१. योग्य प्रतीचे गियर ऑईल. सीजे-३बीच्या धर्तीच्या गाडीत दोन्ही डिफरन्शियल मिळून तीन लिटर तेल पुरते.
२. बुचांच्या मापाचे पाने. काही बुचांना चौकोनी खळगा असतो. त्यात घट्ट बसणारी चौकोनी चावी लागते.
३. तेल झेलण्यासाठी रुंद घमेले आणि मापाची रिकामी बाटली.
४. तारेचा ब्रश, सुती चिंध्या, थोडे रॉकेल.
५. तेल भरण्याचा हातपंप. तो नसल्यास नरसाळे व हातभर लांब प्लास्टिकची नळी.
६. मागचे झाकण उघडावयाचे असल्यास नवे पॅकिंग.
७. चाकांना लावण्यास चार भक्कम लाकडी ठोकळे किंवा दगड.

सुरक्षितता आधी

गाडी सपाट व टणक जमिनीवर उभी करावी. गाडी तिरकी असेल तर तेलाची पातळी चुकते. जुन्या जीपखाली माणसाला सरकण्याइतकी जागा असते. त्यामुळे या कामासाठी चाक उचलण्याची गरज सहसा पडत नाही, आणि शक्यतो ते उचलूही नये.

यामागे एक विशेष कारण आहे. सीजे-३बीच्या धर्तीच्या पुष्कळ जुन्या जीपगाड्यांत हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर लागतो. चारही चाके जमिनीवर असताना तो गाडी धरून ठेवतो. परंतु मागील एक चाक जॅकवर उचलले की स्थिती पालटते. शाफ्ट अडलेला असला तरी डिफरन्शियलमुळे उचललेले चाक उलट फिरू शकते आणि जमिनीवरील चाक सुलट फिरून गाडी पुढे-मागे सरकू शकते. जे यंत्र वळणावर आपल्या सोयीचे असते, तेच येथे जॅकखालून गाडी निसटण्यास कारण होते. म्हणून हातब्रेक लावलेला असला तरी चाकांच्या पुढे व मागे ठोकळे लावल्याविना कोणीही गाडीखाली जाऊ नये. केवळ जॅकवर पेललेल्या गाडीखाली तर कदापि जाऊ नये.

मुलांना दूर ठेवावे. गरम तेलाने हात भाजतो. वरून गळणारे तेल व माती डोळ्यांत जाते. हातमोजे व साधा चष्मा वापरल्यास बरे. जवळपास चूल, विडी किंवा उघडा दिवा नसावा.

प्रत्यक्ष कृती

पहिली पायरी. गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून आणावी. तेल कोमट झाले की पातळ होते आणि तळाशी बसलेला गाळ त्याबरोबर निघून येतो. आल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबावे, गाडी गियरमध्ये ठेवून हातब्रेक ओढावा व चाकांना ठोकळे लावावेत.

दुसरी पायरी. बुचांभोवतीची माती तारेच्या ब्रशने खरवडून, चिंधीने पुसून काढावी. बूच उघडताच ही माती आत पडते आणि नव्या तेलात मिसळून दात्यांना खाऊ लागते.

तिसरी पायरी. तेल भरण्याचे बूच प्रथम उघडावे. हे बूच गोळ्याच्या मध्याच्या सुमारास, बाजूस किंवा मागच्या झाकणावर असते. या लेखातील इतर काही विसरले तरी चालेल, हा नियम विसरू नये. पुष्कळ जण आधी खालून तेल काढून टाकतात आणि मग वरचे बूच गंजून बसल्याचे त्यांच्या ध्यानात येते. तेव्हा गाडी कोरडी पडलेली असते. तेल भरता येत नाही आणि गाडी कारागिराकडे नेताही येत नाही. वरचे बूच निघत नसेल, तर आतले जुने तेल तसेच राहू द्यावे व गाडी चालवीत कारागिराकडे न्यावी. घट्ट बुचावर गंज सोडविणारे तेल रात्रभर मुरू द्यावे, दुसऱ्या दिवशी हातोडीने हलके ठोकून नेमक्या मापाच्या पान्याने सोडवावे. सैल पान्याने बुचाचे कोपरे झिजतात आणि पुढचे काम दुप्पट अवघड होते. आगीची ज्योत लावून बूच तापवू नये.

चौथी पायरी. बूच निघाल्यावर करंगळी आत घालून पातळी पाहावी. तेल भोकाच्या काठाशी लागले तर पातळी योग्य होती. बोटास तेल लागत नसेल तर ते कोठून तरी जात आहे, असे समजावे आणि त्याची नोंद करावी.

पाचवी पायरी. तळाशी निचऱ्याचे बूच असल्यास त्याखाली घमेले ठेवून ते उघडावे व तेल पूर्ण निथळू द्यावे. सर्व जीपगाड्यांना असे बूच नसते. नसल्यास मागच्या वाटोळ्या झाकणाचे बोल्ट सैल करावेत. वरचे दोन बोल्ट काही आटे धरून ठेवावेत, बाकीचे काढावेत आणि झाकणाच्या खालच्या कडेत पातळ पट्टी सरकवून ते हलकेच सोडवावे. तेल खालच्या फटीतून घमेल्यात उतरते. वरचे दोन बोल्ट तसेच ठेवल्याने झाकण अंगावर पडत नाही. तेल निथळल्यावर झाकण काढावे.

सहावी पायरी. झाकण उघडलेच असेल तर आतील दाते उजेडात नीट पाहावेत. मग तळाचा गाळ सुती चिंधीने पुसून काढावा. चिंधीचे धागे आत राहू देऊ नयेत. झाकण रॉकेलने धुऊन पूर्ण कोरडे करावे. आत रॉकेल ओतून ठेवू नये, पेट्रोल तर मुळीच वापरू नये आणि पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नये. जुन्या पॅकिंगचे तुकडे दोन्ही बाजूंनी खरवडून काढावेत. मात्र लोखंडावर खोल चरे पडणार नाहीत अशी काळजी घ्यावी.

सातवी पायरी. नवे पॅकिंग लावून झाकण बसवावे. बोल्ट ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळावेत. आधी सर्व हलके आणि मग दुसऱ्या फेरीत घट्ट. ओळीने आवळल्यास झाकण एका बाजूस बसते व दुसऱ्या बाजूने तेल झिरपते. निचऱ्याचे बूच असल्यास ते पुसून लावावे.

आठवी पायरी. वरच्या भोकातून नवे तेल हातपंपाने सावकाश भरावे. पंप नसल्यास नळीचे एक टोक भोकात घालून दुसरे टोक उंच धरावे व नरसाळ्याने तेल सोडावे. दाट तेल हळू उतरते. घाई करू नये. तेल भोकाच्या खालच्या काठावरून बाहेर येऊ लागले की भरणे थांबवावे आणि जादा तेल आपोआप निथळू द्यावे. पुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल तर हीच योग्य पातळी होय. मग बूच घट्ट लावावे.

नववी पायरी. गाडी पाच-सहा किलोमीटर फिरवून आणावी व बुचांशी, झाकणाशी तेल झिरपते की काय ते पाहावे. दुसऱ्या दिवशी गाडीखाली कागद पसरून पुन्हा पाहावे.

जास्त तेल म्हणजे जास्त संरक्षण नव्हे. भोकाच्या वर तेल जाईल अशा रीतीने गाडी कलती करून भरल्यास जादा तेल फेसाळते, तापते आणि चाकाकडील सील ओलांडून ब्रेकच्या ड्रममध्ये शिरते. ब्रेकच्या अस्तरास तेल लागले की त्या चाकाचा ब्रेक धरीत नाही. घाटाच्या उतारावर याचा अर्थ काय होतो, ते सांगण्याची आवश्यकता नाही.

निघालेले तेल काय सांगते?

काढलेले तेल लगेच फेकू नये. ते प्रथम मोजावे, मग उजेडात पाहावे. तेल काळसर पण गुळगुळीत असेल, आणि तळाशी किंवा बुचाच्या चुंबकावर करड्या रंगाची बारीक पेस्ट असेल, तर ती नित्याची झीज आहे. चिंतेचे कारण नाही. बोटांत टोचणारे कण किंवा चकचकीत पापुद्रे मिळाल्यास बेअरिंग अथवा दाते झिजत आहेत असे समजावे. दात्याचा तुकडा मिळाल्यास गाडी पुढे चालवू नये. ४३ व ८ या संख्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नाही. म्हणून पिनियनचा प्रत्येक दाता क्रमाक्रमाने क्राऊनच्या प्रत्येक दात्यास भेटतो, आणि क्राऊनचे आठ फेरे झाले की ही भेटींची फेरी पूर्ण होते. एरव्ही या मांडणीने झीज सर्वत्र सारखी वाटली जाते. पण पिनियनचा एक दाता तुटला की तोच सर्वांना इजा करीत सुटतो. दाता तुटल्यावरही दुरुस्तीचा खर्च टाळून गाडी चालविली, तर नुकसान आणखी वाढते.

तेल दुधट किंवा ताकासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. अशा वेळी नवे तेल भरून शे-दोनशे किलोमीटर चालवावे व पुन्हा एकदा बदलावे, म्हणजे कोपऱ्यांतील ओल निघून जाते. तेलास जळका वास येत असेल तर ते कमी पातळीवर अतिशय तापले होते असे समजावे.

आवाजाचेही एक शास्त्र आहे. वेग देताना घूं असा एकसुरी आवाज येऊन वेग सोडताच तो बदलत असेल, तर संशय क्राऊन-पिनियनवर जातो. केवळ वळणावर गुरगुर होत असेल तर पेटीतील लहान दातेरी चाके पाहावी लागतात. क्राऊन व पिनियन यांमधील फट जुळविणे हे मात्र मापयंत्रांचे काम आहे. ते घरी करू नये. जाणत्या कारागिराकडेच न्यावे.

पाणी आत शिरते कसे?

पुष्कळांना प्रश्न पडतो की, सर्व बाजूंनी बंद असलेल्या गोळ्यात पाणी जाते कोठून? डिफरन्शियलच्या वरच्या बाजूस किंवा आसाच्या नळीवर एक लहानशी टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. तेल तापले की आतील हवा फुगते व या वाटेने बाहेर पडते. निवले की हवा आत येते. चढ चढून तापलेली गाडी एकदम ओढ्यात घातली, म्हणजे आतील हवा झपाट्याने थंड होते. हवा ८० अंशांवरून ३० अंशांवर आली तर तिचे आकारमान सुमारे सातव्या हिश्शाने घटते. ती उणीव भरून काढण्यासाठी आत ओढ लागते. त्या वेळी ब्रीदर किंवा सीलची कड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणीच आत ओढले जाते.

ब्रीदर मातीने बुजल्यास दुसरे संकट उद्भवते. फुगलेल्या हवेस वाट मिळत नाही, ती सीलवर जोर करते आणि तेल बाहेर ढकलते. पुष्कळदा सील वारंवार बदलूनही गळती थांबत नाही, त्याचे कारण हे चिमूटभर मातीने बंद झालेले भोक असते. म्हणून तेल बदलताना प्रत्येक वेळी ब्रीदर काढून रॉकेलमध्ये धुवावा, फुंकून पाहावा व परत लावावा. ओढा ओलांडण्यापूर्वी, अडचण नसेल तर, गाडी थोडा वेळ उभी करून निवू द्यावी. जुन्या जीपचा ब्रीदर रबरी नळी जोडून उंच नेऊन ठेवण्याची सोय कारागिराकडून करून घेता येते. पाण्यातून जाणाऱ्या गाडीस ती उपयुक्त ठरते.

पुढच्या डिफरन्शियलविषयी

पुढचा जोर क्वचित वापरला जातो, म्हणून पुढच्या डिफरन्शियलकडे अधिकच दुर्लक्ष होते. तथापि ज्या गाड्यांत पुढची चाके मोकळी करण्याचे हब बसविलेले नाहीत, त्यांत मागचाच जोर वापरला तरी पुढचे दाते चाकांबरोबर फिरतच असतात. हब असल्यास ते दाते महिनोन्महिने स्थिर राहतात व ओलीने गंजू शकतात. म्हणून महिन्यातून एकदा हब लावून काही किलोमीटर गाडी चालवावी.

पुढील तेलाची पातळी कमी झाली आणि बाहेर मात्र थेंबही दिसत नसेल, तर ते चाकाजवळच्या, सुकाणूबरोबर वळणाऱ्या गोल पेटीत उतरले असण्याचा संभव आहे. तेथे ग्रीस पातळ होऊन वाहू लागते, ही त्याची खूण. सील बदलणे हाच त्यावर उपाय.

अशा जीपगाड्यांत पुढच्या व मागच्या आसांमध्ये डिफरन्शियल नसतो, हेही ध्यानात ठेवावे. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून वळणे घेतल्यास पुढच्या-मागच्या चाकांच्या अंतरांतील फरक निघून जाण्यास वाट राहत नाही आणि त्याचा ताण दोन्हींकडील दात्यांवर पडतो. चारही चाकांचा जोर चिखल, वाळू व निसरड्या चढासाठीच राखून ठेवावा.

जुन्या तेलाची विल्हेवाट

वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. आपल्याकडे ते वाळवीसाठी खांबांना फासण्याची, कुंपणाच्या कडेस ओतण्याची, क्वचित गुरांच्या जखमांना लावण्याचीही चाल आहे. ती सोडून द्यावी. जांभ्याचा दगड सच्छिद्र असतो. अंगणात ओतलेले तेल पावसाबरोबर झिरपत विहिरीकडे जाऊ शकते. गुरे अंग चाटतात, तेव्हा ते त्यांच्या पोटात जाते. झिजलेल्या धातूचे कण व रासायनिक द्रव्ये असलेले तेल औषध होऊ शकत नाही. ते झाकणाच्या डब्यात भरून, त्यात पाणी वा रॉकेल न मिसळता, वापरलेले तेल जमा करून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे. वाडीतील चार मालकांनी मिळून एक डबा ठेवल्यास खेप वाचते.

नोंदवही

गाडीत एक लहान वही ठेवावी. तीत दिनांक, किलोमीटरचा आकडा, निघालेल्या तेलाचे माप, भरलेल्या तेलाचे माप व प्रकार, तेलाचा रंग आणि सापडलेले कण, यांची पुढच्या व मागच्या डिफरन्शियलसाठी वेगवेगळी नोंद करावी. भरलेल्यापेक्षा निघालेले तेल कमी भरले तर गळती आहे. अधिक भरले व रंग दुधट असला तर पाणी शिरले आहे. दोन-तीन वर्षांच्या नोंदींवरून गाडीची प्रकृती अचूक समजते आणि गाडी विकताना घेणाऱ्याचाही विश्वास बसतो. ज्या शाळांत कार्यानुभवाच्या तासाला यंत्रांची ओळख करून दिली जाते, तेथील शिक्षकांनी अशी एखादी वही मुलांना वाचावयास दिल्यास गणित व विज्ञान यांचा व्यवहाराशी असलेला संबंध त्यांना सहज कळेल.

बैल गेला नि झोपा केला, अशी म्हण आहे. डिफरन्शियलचे दाते तुटल्यावर कितीही उत्तम तेल घातले तरी ते परत जुळत नाहीत. त्याआधी मात्र तीन लिटर तेल, स्वच्छ चिंध्या आणि एक सकाळ एवढ्यावर काम भागते. भरण्याचे बूच आधी उघडावे, निघालेले तेल पाहावे, योग्य प्रतीचे तेल योग्य पातळीपर्यंत भरावे आणि ब्रीदर मोकळा ठेवावा. एवढे पथ्य पाळले तर जुनी जीपही भरपावसात, अपरात्री, साकवापलीकडच्या माणसास दवाखान्यापर्यंत सुखरूप नेऊ शकेल.